कळपात शीप, ताटात मटन

इंग्रजी शिकणारी मुले एक प्रश्न हमखास विचारतात : कळपात चरते ती 'शीप', मग ताटात येताच तिचे 'मटन' का व्हावे? याचे उत्तर व्याकरणात नसून इतिहासात आहे.

इ. स. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. दरबारात नि न्यायालयात फ्रेंच भाषा आली. मेंढ्या राखणारा मात्र आपली जुनी इंग्रजीच बोलत राहिला. म्हणून 'शीप' व 'स्वाइन' हे शब्द जुन्या इंग्रजीतले, तर 'मटन' व 'पोर्क' फ्रेंचमधून आलेले. ही वाटणी एका दिवसात झाली नाही. कित्येक शतके जिवंत मेंढीलाही 'मटन' म्हणत.

पुढे १३६२ साली न्यायालयातील वाद इंग्रजीतून चालवावेत, असा कायदा झाला. सुमारे तीनशे वर्षे दरबाराने दूर ठेवलेली भाषा प्रजेने जिभेवर जतन केली होती. 'कोर्ट', 'जज्ज', 'प्रिझन' हे शब्द जेत्यांकडून आले. 'मदर', 'ब्रेड', 'हाउस' घरचेच राहिले. महाराष्ट्राबाहेर मराठी बोलणाऱ्या घरांनी एवढे ध्यानी ठेवावे.