अन्ननलिका अविवरता आणि किशोरवयातील आरोग्य

अन्ननलिका अविवरता ही अन्ननलिकेची जन्मजात विकृती आहे. या विकृतीत अन्ननलिका घशापासून जठरापर्यंत सलग तयार झालेली नसते. तिचा वरचा भाग बंद पिशवीसारखा संपतो आणि खालचा भाग बहुतेक वेळा श्वासनलिकेला जोडलेला असतो. साधारणपणे २,५०० ते ४,५०० जन्मांमागे एका बालकात ही विकृती आढळते. जन्मानंतर लवकर शस्त्रक्रिया झाल्यास बहुतेक बालके जगतात. मात्र नलिका सलग झाली तरी तिचे कार्य पूर्णपणे नैसर्गिक होत नाही. त्यामुळे किशोरवयात व पुढे प्रौढपणीही वैद्यकीय देखरेख आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

या विकृतीचे पहिले ज्ञात वर्णन विल्यम डर्स्टन यांनी १६७० मध्ये केले. अन्ननलिकेची दोन टोके एकाच शस्त्रक्रियेत यशस्वीपणे जोडण्याचे काम अमेरिकेतील शल्यचिकित्सक कॅमेरॉन हेट यांनी १९४१ मध्ये केले. त्यापूर्वी हा आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरत असे. आज सुसज्ज नवजात अतिदक्षता विभाग उपलब्ध असल्यास ९० टक्क्यांहून अधिक बालके वाचतात. जन्मवजन फार कमी असल्यास किंवा सोबत हृदयदोष असल्यास धोका वाढतो. वाचलेल्या मुलांची संख्या वाढल्यामुळे वैद्यकशास्त्रापुढे जगण्याबरोबरच त्यांच्या दीर्घकालीन आरोग्याचाही प्रश्न उभा राहिला.

पचनसंस्थेवरील परिणाम

अन्ननलिकेचे स्नायू लाटेसारखे आकुंचन पावून घास खाली ढकलतात. या रुग्णांमध्ये स्नायू व चेता यांची रचना मुळातच सदोष असल्याने ही लाट दुर्बल किंवा खंडित असते. परिणामी घास सावकाश उतरतो आणि जठरातील आम्ल वर आल्यास ते लवकर खाली परतत नाही. दीर्घकाळ आम्लाच्या संपर्कात राहिल्याने अन्ननलिकेचा दाह होतो, शस्त्रक्रियेच्या जोडाजवळ ती अरुंद होऊ शकते आणि काही रुग्णांत तिच्या अस्तराच्या पेशी बदलतात. या बदलाला बॅरेट अन्ननलिका म्हणतात. तरुण प्रौढ रुग्णांत अन्ननलिकेच्या कर्करोगाची थोडी उदाहरणे नोंदली गेली आहेत. त्यांचे प्रमाण अल्प आहे.

लक्षणांची तीव्रता आणि अस्तराची प्रत्यक्ष स्थिती यांचा मेळ बसतोच असे नाही. लहानपणापासून सवय झाल्याने अनेक किशोरांना हळू जेवणे व प्रत्येक घासाबरोबर पाणी पिणे नेहमीचे वाटते आणि ते तक्रार करत नाहीत. म्हणून बालपोटविकारतज्ज्ञांच्या युरोपीय व उत्तर अमेरिकी संघटनांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, लक्षणे नसली तरी तीन वेळा दुर्बिणीद्वारे तपासणी (एंडोस्कोपी) सुचवली आहे: आम्लरोधक औषधे थांबवल्यानंतर, वयाच्या दहा वर्षांपूर्वी आणि प्रौढांच्या उपचारव्यवस्थेकडे जाताना.

श्वसनसंस्था व अस्थिसंस्था

श्वासनलिकेची भिंत मऊ राहिल्याने अनेक मुलांना घोगरा, भुंकल्यासारखा खोकला असतो. वय वाढेल तसा तो सहसा कमी होतो. तरी वारंवार होणारा छातीचा संसर्ग आणि व्यायामाच्या वेळी लागणारा दम किशोरवयातही दिसू शकतो. हा त्रास दमा समजला जाण्याची शक्यता असते. तान्हेपणी बरगड्यांमधून छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेमुळे, तसेच मणक्यांच्या जन्मजात दोषांमुळे, पाठीच्या कण्याला बाक येऊ शकतो. उंची झपाट्याने वाढते त्या वर्षांत तो अधिक स्पष्ट होतो. या विकृतीसोबत हृदय, मूत्रपिंड किंवा गुदद्वाराचे दोषही असू शकतात. त्यांची देखरेख स्वतंत्रपणे करावी लागते.

आहार

मांसाचे तुकडे, कोरडी भाकरी व पाव यांचा घास अडकण्याचा संभव अधिक असतो. मालवण किनाऱ्यावरील आचऱ्यासारख्या गावांत मासे हा रोजच्या जेवणाचा भाग आहे. पेज, मऊ भात व आमटी सहज उतरतात. माशाचे काटे मात्र काळजीपूर्वक काढावे लागतात. काटा अडकल्यावर सुक्या भाताचा गोळा किंवा केळे न चावता गिळण्याची घरगुती रीत प्रचलित आहे. अरुंद अन्ननलिकेत असा गोळा स्वतःच अडकू शकतो, त्यामुळे या रुग्णांसाठी ती रीत धोक्याची आहे. लाळही गिळता येत नसल्यास ती तातडीची वैद्यकीय अवस्था मानली जाते.

मानसिक व सामाजिक बाजू

शाळेत डबा संपवण्यास लागणारा वेळ, चारचौघांत घास अडकण्याची भीती, खोकल्याचा वेगळा आवाज आणि छातीवरील व्रण यांमुळे काही किशोर सामूहिक जेवण टाळतात. वर्गशिक्षकांना आजाराची माहिती असल्यास आणि जेवणासाठी पुरेसा वेळ मिळाल्यास ही अडचण कमी होते.

पाठपुरावा व हस्तांतर

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील गुंतागुंतीचे रुग्ण उपचारांसाठी अनेकदा बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयात किंवा मुंबईत जातात. मुंबईतील परळचे बाई जेरबाई वाडिया रुग्णालय १९२९ पासून बालरुग्णांसाठी कार्यरत आहे. शस्त्रक्रिया दूरच्या शहरात आणि पुढचे आयुष्य गावात, अशा स्थितीत मूल बरे दिसू लागले की तपासणीच्या फेऱ्या थांबण्याची शक्यता असते.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. आरोग्य पथके शाळांना वर्षातून किमान एकदा भेट देतात. वजन व उंची खुंटणे, कण्याचा बाक किंवा सततचा खोकला या भेटींत लक्षात येऊ शकतो. मात्र १८ व्या वर्षी मुलाचा या कार्यक्रमाशी आणि बालरुग्णालयाशी असलेला संबंध जवळजवळ एकाच वेळी संपतो. प्रौढांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना हा आजार क्वचितच पाहायला मिळतो. त्यामुळे विकृतीचा प्रकार, झालेल्या शस्त्रक्रिया, नलिका रुंद करण्याचे उपचार व शेवटच्या एंडोस्कोपीचा अहवाल यांचा लेखी सारांश रुग्णाजवळ असणे महत्त्वाचे मानले जाते. ही माहिती पालकांकडून हळूहळू स्वतः किशोराकडे सोपवणे हा हस्तांतराचा भाग आहे; ते काम साधारण बाराव्या ते चौदाव्या वर्षापासून सुरू करता येते.