जेवणाच्या मेजावरील संशोधन

सन १९७२ मधील गोष्ट. अमेरिकेतील शिकागो शहरी एका घरात जेवणाच्या मेजावर छायाचित्रांचे लहान लहान तुकडे पसरलेले असत. घरची गृहिणी कात्रीने ते जपून कापी, त्यांच्या जोड्या जुळवी आणि ओळीने मांडी. आई कागदी बाहुल्या कापीत बसते, अशी तिची मुले थट्टा करीत. परंतु त्या बाहुल्या नव्हत्या; ती माणसाच्या पेशींतील गुणसूत्रांची छायाचित्रे होती, आणि ती जुळविणाऱ्या बाई म्हणजे जॅनेट राउली होत.

राउलीबाईंचा जन्म १९२५ साली न्यूयॉर्क येथे झाला. शिकागो विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत त्यांची निवड झाली खरी. पण ६५ जणांच्या वर्गात स्त्रियांना जागा अवघ्या तीन, आणि त्या आधीच भरलेल्या. गुणवत्ता असूनही त्यांना नऊ महिने थांबावे लागले. १९४८ साली पदवी मिळाली, दुसऱ्याच दिवशी विवाह झाला आणि यथाकाल चार मुलगे झाले. मुले वाढविताना त्या अर्धवेळ काम करीत. पुढे शिकागोत संशोधन करण्याची इच्छा त्यांनी विभागप्रमुखांजवळ बोलून दाखविली, तेव्हा त्यांनी मागितले ते एक सूक्ष्मदर्शक यंत्र, छायाचित्रे धुण्याची अंधारी खोली, आणि मुले सांभाळणाऱ्या बाईला देण्यापुरता पगार! विभागप्रमुखांनी ते मान्य केले. एवढ्या थोड्या खर्चात विद्यापीठाच्या पदरी एवढे मोठे पुण्य क्वचितच पडले असेल.

माणसाच्या प्रत्येक पेशीत सामान्यतः ४६ गुणसूत्रे, म्हणजे २३ जोड्या असतात, हे १९५६ साली निश्चित झाले. पुढे १९६० साली फिलाडेल्फिया येथील नोवेल आणि हंगरफोर्ड ह्या दोघा संशोधकांना एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड आढळले. त्याचा तुकडा नाहीसा झाला असावा, असा सर्वांचा समज झाला. शिवाय बहुतेक शास्त्रज्ञ म्हणत, की असले बिघाड हे रोगाचे कारण नव्हे, परिणाम होत. पूर ओसरल्यावर गावातील पडझड पाहून पूर का आला हे कळत नाही, तशातलाच हा प्रकार.

राउलीबाई ऑक्सफर्ड येथे एक नवी रीत शिकून आल्या होत्या. विशिष्ट द्रव्याने रंगविले असता गुणसूत्रांवर आडवे पट्टे चमकू लागतात, आणि प्रत्येक गुणसूत्र त्याच्या पट्ट्यांवरून ओळखता येते. घरातल्या मेजावर हे पट्टे न्याहाळताना प्रथम त्यांना दिसले, की एका जातीच्या रक्त-कर्करोगात ८ आणि २१ ह्या क्रमांकांच्या गुणसूत्रांनी आपापल्या टोकांची अदलाबदल केली आहे. मग त्यांनी फिलाडेल्फियाच्या त्या आखूड गुणसूत्राकडे लक्ष वळविले. ते २२ व्या क्रमांकाचे. त्याचा हरवलेला तुकडा ९ व्या गुणसूत्राच्या टोकास चिकटलेला होता! काही नाहीसे झाले नव्हते. जागा बदलली होती. आणि ही अदलाबदल रुग्णामागून रुग्णात तीच, तशीच. आंधळी पडझड इतकी नेमकी कशी असेल? १९७३ साली हा शोध प्रसिद्ध झाला. प्रारंभी पुष्कळांनी त्याकडे संशयाने पाहिले. बाई मात्र नवनव्या रुग्णांची गुणसूत्रे जुळवीतच राहिल्या.

ह्या अदलाबदलीने अनर्थ कसा होतो? दोन पोथ्यांची सुटी पाने एकमेकींत मिसळली, तर एका पोथीतील अर्धे वाक्य दुसरीतील अर्ध्या वाक्यास जोडले जाते आणि भलताच अर्थ निघतो. ९ व्या गुणसूत्रावरील एक जनुक २२ व्यावरील दुसऱ्या जनुकाशी जोडला जातो, आणि त्यांच्यापासून तयार होणारे प्रथिन पेशीला ‘वाढ, वाढ’ अशी अखंड आज्ञा देत राहते. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. पुढे ह्याच प्रथिनाची वाट अडविणारे इमॅटिनिब हे औषध निघाले. २००१ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. पूर्वी जो रोग काही वर्षांत प्राण घेई, त्यातील बहुतेक रुग्ण आता नियमित गोळ्या घेऊन दीर्घकाळ जगतात.

१९७७ साली बाईंनी १५ आणि १७ ह्या गुणसूत्रांची अदलाबदल दाखवून दिली. ह्या रोगाची हकीकत आणखीच नवलाची आहे. चीनमधील वैद्यांना त्यावर ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनविलेले एक द्रव्य आणि सोमल हे दोन उपाय गुणकारी आढळले. सोमल म्हणजे जहाल विष. पण योग्य मात्रेत तेच येथे तारक ठरते. पुढे कळून आले, की १७ व्या गुणसूत्रावर जो जनुक तुटतो, तो त्या जीवनसत्त्वाचा संदेश ग्रहण करणाराच आहे.

आज कर्करोगाच्या पेशीतील सारी जनुकलिपी यंत्रांनी वाचता येते. असे कितीतरी जोड-जनुक सापडले असून, कित्येक रुग्णांचे औषध त्यांवरूनच ठरते. कात्रीचे काम संपले आहे.

राउलीबाईंना १९९८ साली लास्कर पारितोषिक आणि २००९ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांकडून स्वातंत्र्यपदक मिळाले. उतारवयातही त्या सायकलवरून प्रयोगशाळेत जात. १७ डिसेंबर २०१३ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, कर्करोगानेच त्यांचे निधन झाले. आपल्या रोगापासून डॉक्टरांना काही शिकता यावे, म्हणून मृत्यूनंतर आपल्या देहाची तपासणी व्हावी, अशी व्यवस्था त्यांनी आधीच करून ठेविली होती.