विश्लेषण : सीएनजीवर टाकताच गाडी सिग्नलला बंद का पडते?

पेट्रोलवर मुकाट चालणारी गाडी सीएनजीवर टाकली की डीएसपी चौकातल्या सिग्नलला थरथरू लागते. क्लच दाबला की आरपीएमचा काटा घसरतो आणि हिरवा दिवा लागायच्या आत इंजिन बंद. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाड्यांच्या मालकांची ही नेहमीची तक्रार. चौकात हा नुसता मनस्ताप असतो. करंजी किंवा चंदनापुरी घाट उतरताना वळणावर क्लच दाबताच इंजिन थांबले, तर तोच धोका होतो. स्टिअरिंग जड होते. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीनदा पेडल दाबेपर्यंतच पुरतो, त्यानंतर पेडल दगडासारखे लागते.

एका गाडीत दोन संगणक

गाडीचा मूळ ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, कंपनीने त्याच इंजिनसाठी जुळवलेला असतो. सिक्वेन्शियल सीएनजी किटसोबत दुसरा ईसीयू येतो, तो मात्र बाजारातला. पेट्रोलचा इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा हे मूळ ईसीयूच ठरवतो. किटचा ईसीयू तो संदेश मध्येच अडवतो, त्याला एका गुणकाने गुणतो आणि तेवढा वेळ गॅसचा इंजेक्टर उघडतो. हवा किती घ्यायची, ठिणगी कधी टाकायची, हे सारे पहिल्याकडेच राहते. म्हणजे दुसरा संगणक एका अर्थाने दुभाष्या आहे. त्याचे भाषांतर चुकले तरी पहिल्याला वाटते, आपण बरोबरच बोलतो आहोत.

आयडलवरच का?

वेगात असताना गाडीचे वजन आणि गती छोट्यामोठ्या चुका पोटात घालतात. आयडलला तसे कुणी नसते. चार सिलिंडरचे इंजिन ८०० आरपीएमवर साधारण ३७ मिलिसेकंदांनी एकदा पेटते आणि त्यातून मिळणारी ताकद जेमतेम स्वतःला फिरवण्यापुरती असते. तेवढ्यात एसीचा कॉम्प्रेसर लागतो किंवा रेडिएटरचा पंखा सुरू होतो.

आरपीएम घसरू लागले की मूळ ईसीयूकडे दोन उपाय असतात. एक, थ्रॉटल किंवा आयडल व्हॉल्व्ह थोडा उघडून हवा वाढवणे. पण ती हवा मॅनिफोल्डमधून सिलिंडरपर्यंत पोहोचेस्तोवर काही फेरे निघून जातात. दुसरा उपाय ठिणगीचा. आयडलला ठिणगी मुद्दाम थोडी उशिरा ठेवलेली असते. गरज पडताच ती अलीकडे आणली की पुढच्याच स्फोटात ताकद वाढते. ठिणगी क्षणाची डुलकी सावरते, हवा लांबचा भार उचलते. दोन्हींचा मेळ नसला तर काटा वरखाली झुलत राहतो. गॅरेजमध्ये त्याला ‘हंटिंग’ म्हणतात.

पण हे सारे नियंत्रण एका गृहीतावर उभे आहे : सिलिंडरमध्ये इंधनाचे प्रमाण बरोबर आहे. एक किलो पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, सीएनजीला सुमारे १७. किटचा गुणक चुकला की मिश्रण पातळ किंवा घट्ट होते. मग मूळ ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे पाहून दुरुस्ती करत बसतो. त्या दुरुस्तीला मर्यादा असते आणि ती ओलांडली की ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो.

नोझल आणि दाब

सर्वात दुर्लक्षित भाग म्हणजे गॅस इंजेक्टरची नोझल. ती मोठी असली की आयडलला इंजेक्टर इतका कमी वेळ उघडावा लागतो, की तो धड उघडतो न उघडतो. प्रत्येक फेऱ्याला गॅस कमी-जास्त. लहान असली तर आयडल छान, पण चढावर गाडी दम टाकते. सॉफ्टवेअरमध्ये कितीही आकडे फिरवले तरी चुकीची नोझल सुधारत नाही.

दुसरे कारण रेड्युसर. टाकीतला सुमारे २०० बारचा दाब तो दोनेक बारपर्यंत उतरवतो. वेगातून ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्शन काही क्षण बंद होते आणि तेवढ्यात रेलमधला दाब चढतो. इंजेक्शन पुन्हा सुरू होताना जास्त गॅस आत जातो, आरपीएम गडगडते. दाब वाढला की इंजेक्टर कमी वेळ उघडायचा, ही दुरुस्ती नकाशात नीट बसवली नसेल तर गाडी नेमकी सिग्नलजवळ येतानाच बंद पडते. शिवाय सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते. झिजलेला स्पार्क प्लग पेट्रोलवर चालून जातो, गॅसवर मिसिंग देतो.

‘आयडल वाढवून देतो’

हे ऐकले की सावध व्हावे. केबलच्या जुन्या गाडीत थ्रॉटलचा स्क्रू पिळला, की पेडलवर पाय आहे असा ईसीयूचा समज होऊ शकतो आणि तो आयडल सांभाळणेच सोडून देतो. इंधन जास्त जाते, मूळ दुखणे तसेच.

आधी गाडी पेट्रोलवर नीट तपासावी. तिथेही थरथर असेल तर दोष किटचा नाही. कार्बन धरलेला थ्रॉटल बॉडी किंवा कुठेतरी हवा ओढणारी फाटकी नळी असू शकते. पेट्रोलवर सारे ठीक असेल, तर लॅपटॉप लावून कॅलिब्रेशन मागावे. इंजिन गरम असताना पेट्रोलवरचा इंजेक्शनचा वेळ बघायचा, मग गॅसवर टाकून पुन्हा बघायचा. दोन्ही जवळपास सारखे हवेत. उभ्या गाडीतले ऑटो-कॅलिब्रेशन ही फक्त सुरुवात. पुढचा नकाशा रस्त्यावर, भार देऊनच पुरा होतो, आणि घाईत नेमके तेच राहते.

नियम काय सांगतो?

बीएस-६ पेट्रोल गाड्यांना बाहेरून सीएनजी किट बसवायला केंद्राने ऑगस्ट २०२२ मध्ये परवानगी दिली. मात्र किटला त्या गाडीसाठी मान्यता हवी आणि आरसीवर नोंद हवी. जिल्ह्यात ते काम अहिल्यानगर आणि श्रीरामपूरच्या आरटीओ कार्यालयांत होते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ मध्ये ज्या मोजक्या चाचणी संस्थांची नावे आहेत, त्यांत नगरचीच व्हीआरडीई आहे. परवानगीविना गाडीत बदल केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ अ नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

गाडी ताब्यात घेताना गॅरेजच्या दारातच एक चाचणी करून घ्यावी. इंजिन गरम, गॅस सुरू, एसी आणि हेडलाइट लावलेले. आरपीएम अडीच हजारांवर नेऊन ॲक्सिलरेटर एकदम सोडायचा. काटा खाली येऊन एखाद्या डुलकीत स्थिरावला, तर पैसे द्यायला हरकत नाही.