हँडब्रेक सैल पडला आहे का?

माल भरलेली गाडी उतारावर उभी करून आपण निर्धास्तपणे घरात जातो. हँडब्रेक सैल असेल तर ती घरंगळते. मागे लेकरू खेळत असले तर? म्हणून चालढकल नको.

दांडा ओढताना होणारा 'कट-कट' आवाज मोजा. बहुतेक गाड्यांत ५ ते ८ कटांत ब्रेक घट्ट लागतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहा. दांडा त्याहून वर येत असेल, तर मागचे लायनर झिजले असतील किंवा तार सैल पडली असेल.

गाडी सपाट जागी घ्या. पुढच्या चाकांना दोन्हीकडून उटी लावा. मागची बाजू जॅकने उचलून भक्कम स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. आधी लायनर तपासून त्यांचे अंतर जुळवा, मगच तारेचा नट थोडा थोडा आवळा. दांडा सोडल्यावर दोन्ही चाके मोकळी फिरली पाहिजेत, नाहीतर लायनर तापून जळतात. दांडा ओढल्यावर दोन्ही सारखीच जाम झाली पाहिजेत.

एवढे करूनही उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला उटी लावायला विसरू नका.