डोंगरउतारावरचे पुसट पाट

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला एक्समूर नावाचा माळरानी डोंगराळ मुलूख आहे. त्याच्या माथ्यावर वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर पाऊस पडतो, जमीन बहुतेक काळ ओलीच. तरीही तिथल्या शेतकऱ्यांनी उतारावरच्या कुरणांना पाट काढले आणि पाणी सोडलं ते ऐन हिवाळ्यात. गवताची तहान भागवण्याचा प्रश्नच नव्हता. त्याला ऊब हवी होती.

जमिनीतून वर येणारं झऱ्याचं पाणी कडाक्याच्या थंडीतही साधारण दहा अंशांच्या आसपास असतं. त्याचा पातळ थर गवतावरून सतत वाहता ठेवला की दंव धरत नाही आणि मुळं गारठत नाहीत. मार्च-एप्रिल म्हणजे मेंढपाळांचे ओढगस्तीचे दिवस. वाळलेलं गवत संपत आलेलं, मेंढ्या व्यायलेल्या आणि रानात हिरवं काही नाही. अशा वेळी भिजवलेलं कुरण बाकीच्या रानाआधी काही आठवडे हिरवं व्हायचं. दुभत्या मेंढीला तेवढा चारा मिळाला की कोकरं तगायची.

कुरणं भिजवण्याची ही विद्या जुनी आहे. हरफर्डशायरच्या रोलंड व्हॉनने १६१० साली तिच्यावर पुस्तकच लिहिलं. चिचुंद्रीसारख्या मोल या प्राण्याने ओढ्याचा काठ पोखरला, तिथून पाणी झिरपलं आणि तेवढाच पट्टा हिरवागार झाला. त्यावरून कल्पना सुचली, असं तो सांगतो. विल्टशायरमधल्या वायली गावाने १६३२ साली नदीकाठची कुरणं भिजवण्याचा रीतसर करार केला. तिथे अनेकांच्या जमिनी एकाच पाण्यावर होत्या, त्यामुळे लेखी व्यवहाराला पर्याय नव्हता. डोंगरावरचा पाट बहुधा एकाच शेतकऱ्याच्या हद्दीत सुरू व्हायचा आणि तिथेच संपायचा. पाळीचा तंटा नाही, म्हणून कागद नाही. इतिहासाने या पाटांकडे इतका काळ काणाडोळा केला त्याचं मुख्य कारण मला हेच वाटतं.

एक्समूरमध्ये या कामाने जोर धरला तो एकोणिसाव्या शतकात. लोखंडाच्या धंद्यातल्या घराण्यातल्या जॉन नाइटने १८१८ साली तिथलं राजवन ५०,००० पौंडांना घेतलं. पुढे त्याचा मुलगा फ्रेडरिक याने शेतवाड्या उभारून त्या खंडाने दिल्या. १८४८ पासून त्याचा कारभारी असलेल्या रॉबर्ट स्मिथने उतारावरच्या या कुरणांचा हिरिरीने पुरस्कार केला. काही ठिकाणी पाणी गोठ्याच्या अंगणातून फिरवून आणत, म्हणजे शेणामुताचं खतही त्याच्याबरोबर कुरणात उतरे.

बांधणी मात्र कोणत्याही काळात फार बदलली नाही. ए-आकाराची लाकडी चौकट, तिला टांगलेला ओळंबा आणि फावडं, एवढ्यावर काम व्हायचं. आपल्याकडे पाणलोटाच्या श्रमदानात सलग समतल चर आखायला हीच चौकट वापरतात. आपला चर पाणी अडवतो, जिरवतो. तिथला पाट जेमतेम उताराचा काढत. मधे गवतासकट कापलेला मातीचा चिपा घालून तो तुंबवला की पाणी खालच्या काठावरून पसरट सांडायचं आणि खालचा पाट ते पुन्हा गोळा करायचा. काठ एखाद्या ठिकाणी जरा जरी खचला तरी सगळं पाणी तिथूनच धो धो निघून जाई आणि बाकीचा उतार कोरडा राही. म्हणून दर शरद ऋतूत पाट साफ करून काठ नीट करावे लागत.

विसाव्या शतकात रासायनिक खत आलं, मुरघास आला आणि फावडं धरणारे हात कमी झाले. शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक पाट बुजले.

तरी खुणा राहिल्या. कलत्या उन्हात किंवा बर्फ नुसतं भुरभुरलेलं असताना उतारावर एकाखाली एक आडव्या रेघा उमटतात. हवाई छायाचित्रांनी आणि अलीकडे लेसर-मोजणीने त्या नकाशावर आणल्या. नांगर फिरला तिथे मात्र काहीच उरलेलं नाही, म्हणून उरलेल्या रेघांवर तो न फिरवलेला बरा.

रेघा मोजता येतात, पाणी राखण्याची जाण मोजता येत नाही. कोणत्या उतारावर किती दिवस पाणी ठेवायचं, ऊन तापायला लागताच गवत कुजण्याआधी ते कधी तोडायचं, हे पाटावर राबणाऱ्या गड्याला हातच्या सरावाने ठाऊक होतं. उन्हाळ्यात भिजवलेल्या कुरणात मेंढ्या सोडल्या तर त्यांच्या यकृताला जंत लागतात, हा धडाही कळप गमावूनच मिळालेला होता. त्या गड्यांची नावं कुठे नोंदलेली नाहीत. स्मिथचे लेख मात्र शेतकी नियतकालिकात छापलेले आहेत.