फाइल उघडत नाही? आधी नक्कल करा, मग दोष शोधा

वसई पूर्वेच्या वालीव, सातिवली, गोखिवरे भागातील गाळे असोत की नालासोपारा, विरारच्या बाजारातील दुकाने असोत, आपल्या पुष्कळ बांधवांचा धंदा आज एका फाइलवर उभा आहे. लग्नपत्रिका छापणारा, फ्लेक्सचे फलक काढणारा, स्टिकर आणि खोके बनवणारा, फोटो स्टुडिओवाला, कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचा कारखानदार, या सर्वांचे काम ग्राहकाने दिलेली फाइल उघडली तरच सुरू होते. घरी बसून डिझाइनचे काम करणाऱ्या आपल्या भगिनींचेही तसेच. फाइल उघडली नाही तर यंत्र थांबते, कारागीर बसून राहतो आणि बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. लग्नाची तारीख तर पुढे ढकलता येत नाही.

अशा वेळी घाईत जे केले जाते त्यानेच अधिक नुकसान होते, असे आमच्या पाहण्यात आले आहे. कोणी अर्धवट उघडलेल्या फाइलवर 'सेव्ह'चे बटण दाबतो, कोणी पेनड्राइव्ह फॉरमॅट करून टाकतो. जी फाइल वाचण्यासारखी होती ती मग कायमची जाते. म्हणून फोटोशॉप, कोरलड्रॉ यांसारख्या प्रोग्राममध्ये फाइल उघडली नाही तर काय करावे, हे आम्ही येथे क्रमाने सांगत आहोत.

पहिले काम नकलेचे

सर्वांत आधी फाइल पेनड्राइव्हवरून किंवा मोबाइलवरून कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावी आणि तिची आणखी एक नक्कल करावी. पुढचे सर्व प्रयोग नकलेवरच करावेत, मूळ फाइलला हात लावू नये. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते, कारण दोष फाइलचा नसून ढिल्या पेनड्राइव्हचा किंवा मध्येच तुटणाऱ्या नेटवर्कचा असतो.

त्यानंतर तीन प्रश्न विचारावेत. एक, याच प्रोग्राममध्ये त्याच जातीची दुसरी फाइल उघडते का? उघडत असेल तर प्रोग्राम ठीक आहे, दोष या फाइलमध्ये आहे. दोन, हीच फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर किंवा दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडते का? उघडत असेल तर फाइल ठीक आहे, दोष आपल्या बाजूला आहे. तीन, फाइलचे वजन किती? ते शून्य केबी दिसत असेल तर आत काहीच आलेले नाही. ग्राहकाकडे ती ८० एमबीची आणि आपल्याकडे १२ एमबीची असेल तर पाठवणे मध्येच तुटले आहे. अशी फाइल दुरुस्त करत बसू नये, पुन्हा मागवून घ्यावी.

लेबल एक, माल दुसरा

फाइलच्या नावाच्या शेवटी टिंबानंतर जी अक्षरे असतात त्यावरून ती कोणत्या जातीची हे कळते, जसे जेपीजी, पीएसडी, सीडीआर. विंडोज ही अक्षरे एरवी लपवून ठेवते. फोल्डरच्या 'व्ह्यू' मेनूत जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण केली की ती दिसू लागतात. प्रत्येक दुकानात ही खूण केलेली असावी.

ही अक्षरे म्हणजे फक्त लेबल आहे. पोत्यावर बासमतीचे लेबल चिकटवले म्हणून आतला तांदूळ बासमती होत नाही. तसेच नाव बदलून जेपीजी केले म्हणून फाइल जेपीजी होत नाही. आयफोनमध्ये २०१७ पासून फोटो 'एचईआयसी' या जातीत निघतात आणि विंडोजवर ते पाहण्यासाठी वेगळी जोड बसवावी लागते. इंटरनेटवरून उतरवलेली चित्रे पुष्कळदा 'वेबपी' जातीची असतात. ही जात गूगलने २०१० मध्ये आणली, पण जोडीशिवाय ती उघडण्याची सोय फोटोशॉपमध्ये २०२२ मध्ये झाली. त्यापूर्वीचे फोटोशॉप ती नाकारते. अशा वेळी 'गिम्प' हा मोफत प्रोग्राम उपयोगी पडतो. त्याची अलीकडची आवृत्ती या दोन्ही जाती उघडते, आणि तेथून जेपीजी किंवा टिफ काढून घेता येते.

आत खरोखर काय आहे हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. नक्कल 'नोटपॅड'मध्ये उघडावी. पडद्यावर अगम्य खुणा येतील, त्यांना घाबरू नये. फक्त पहिली ओळ पाहावी. पीएसडी असेल तर सुरुवातीला ८ हा आकडा आणि बी-पी-एस ही रोमन अक्षरे दिसतील. पीएनजीत पी-एन-जी, पीडीएफमध्ये टक्क्याची खूण आणि पी-डी-एफ, झिप असेल तर पी-के. वेबपीत आर-आय-एफ-एफ आणि थोडे पुढे डब्ल्यू-ई-बी-पी दिसते. जेपीजीत सुरुवातीजवळच बहुधा जे-एफ-आय-एफ किंवा ई-एक्स-आय-एफ असते. नोटपॅड बंद करताना 'सेव्ह' मात्र मुळीच करू नये.

जुना प्रोग्राम, नवी फाइल

छपाईच्या धंद्यात सर्वाधिक तक्रार कोरलड्रॉच्या सीडीआर फाइलची असते. आपल्याकडे जुनी आवृत्ती आणि मुंबईच्या डिझायनरकडे नवी. नव्या आवृत्तीची फाइल जुनी आवृत्ती उघडत नाही. यात फाइल खराब नाही आणि कॉम्प्युटरही खराब नाही. डिझायनरला एवढेच सांगावे की 'सेव्ह ॲज' करताना आवृत्तीच्या चौकटीत आपली आवृत्ती निवडून फाइल पुन्हा द्या, सोबत पीडीएफही द्या.

डिझायनर भेटत नसेल तर आणखी एक वाट आहे. २००८ मध्ये आलेल्या एक्स-४ पासून सीडीआर फाइल ही आतून झिपच्या गाठोड्यासारखी असते. नकलेच्या नावात सीडीआरऐवजी झिप लिहून ते गाठोडे उघडले तर आत पूर्वदृश्याचे छोटे चित्र मिळू शकते. त्यावरून छपाई करता येणार नाही, पण फाइल योग्य आहे की नाही हे ग्राहकाला दाखवता येते.

फाइल उघडली पण अक्षरे फुटली, ही याच घराण्यातली तक्रार आहे. पत्रिकेवर मराठी मजकूर श्रीलिपी किंवा आकृतीत असतो, उर्दू मजकूर इनपेजमधून आलेला असतो, आणि ते फॉन्ट आपल्या कॉम्प्युटरवर नसतात. म्हणून छपाईला देताना अक्षरांचे 'कर्व्ह' करून घ्यावेत. त्यानंतर मजकूर बदलता येत नाही, हे ध्यानात ठेवून एक फाइल कर्व्हशिवायचीही जपावी. निकाहच्या पत्रिकेवर ऐन वेळी वेळ किंवा हॉल बदलतो, तेव्हा तीच कामाला येते.

फलक मोठा, फाइल त्याहून मोठी

फ्लेक्सवाल्यांनी एक हिशोब पाठ करून ठेवावा. पीएसडी फाइलला मर्यादा आहे: कोणतीही बाजू ३०,००० पिक्सेलपर्यंत आणि वजन २ जीबीपर्यंत. आता २० फूट लांब आणि १० फूट उंच फलक ३०० डीपीआयने केला तर लांबी ७२,००० पिक्सेल होते. ती पीएसडीत मावत नाही. चार रंगांत एकाच थराचा कच्चा भार एक हजार कोटी बाइटच्या वर, म्हणजे सुमारे १० जीबी होतो. साधा कॉम्प्युटर तेथेच बसतो. तोच फलक ७२ डीपीआयने केला तर लांबी १७,२८० पिक्सेल आणि भार सुमारे ६० कोटी बाइट होतो. दुरून पाहायच्या फलकाला हे पुरते. मोठी फाइल करावीच लागली तर ती 'पीएसबी' जातीत जपावी, तिची मर्यादा बाजूस ३ लाख पिक्सेल आहे.

दोष प्रोग्रामचा असेल तर

एकही फाइल उघडत नसेल तर प्रोग्रामकडे वळावे. फोटोशॉप काम करताना हार्ड डिस्कवर तात्पुरती जागा घेते, तिला 'स्क्रॅच डिस्क' म्हणतात. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर ती जागा मिळत नाही आणि फाइल नाकारली जाते. जुना पसारा काढून जागा मोकळी करावी. फोटोशॉप सुरूच होत नसेल तर ते सुरू करताना कंट्रोल आणि आल्ट या कळा दाबून धराव्यात, म्हणजे स्क्रॅच डिस्कसाठी दुसरा ड्राइव्ह निवडता येतो.

तेवढ्याने भागले नाही तर फोटोशॉप सुरू करताना कंट्रोल, आल्ट आणि शिफ्ट या तिन्ही कळा दाबून धराव्यात. प्रोग्राम जुन्या सेटिंग पुसण्याची परवानगी मागतो. कोरलमध्ये हेच काम एफ-८ ही कळ करते. आपण बसवलेली मांडणी यात पुसली जाते, म्हणून ती आधी लिहून ठेवावी.

वीज गेली, फाइल तुटली

फाइल जपली जात असताना वीज गेली किंवा पेनड्राइव्ह ओढला गेला तर ती अर्धवट राहते. अशी फाइल खरोखर तुटलेली असते. तरी सर्व संपले असे समजू नये. कोरलमध्ये त्याच फोल्डरमध्ये 'बॅकअप ऑफ' या शब्दांनी सुरू होणारी फाइल आहे का ते पाहावे. फोटोशॉपमध्ये २०१२ च्या सीएस-६ पासून ठराविक वेळाने आपोआप प्रत ठेवण्याची सोय आहे, प्रोग्राम पुन्हा सुरू केला की ती समोर येऊ शकते. कोरलमध्ये कोरे पान घेऊन त्यात तुटलेली फाइल 'इम्पोर्ट' करून पाहावी. पीएसडी गिम्पमध्ये, सीडीआर 'इंकस्केप'मध्ये उघडून पाहावी. मांडणी थोडी हलेल, पण काही भाग हाती लागेल. ज्या जेपीजीचा खालचा भाग राखाडी दिसतो, तिच्यातील तो भाग मात्र आलेलाच नसतो किंवा नष्ट झालेला असतो. मूळ कार्डावरून ती पुन्हा घ्यावी. कार्डावरून पुसली गेली असेल तर त्या कार्डावर नवा एकही फोटो काढू नये आणि 'फोटोरेक' हा मोफत प्रोग्राम चालवून पाहावा.

एकाच दिवशी सर्व फायलींच्या नावापुढे अनोळखी अक्षरे चिकटली आणि पैशाची मागणी करणारी चिठ्ठी आली तर तो खंडणीचा व्हायरस समजावा. नेटची तार आणि बाहेरची डिस्क लगेच काढावी आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे भरून फाइल मिळेलच याची कोणी हमी देत नाही.

एम्ब्रॉयडरीवाल्या बांधवांसाठी

यंत्रावर चालणारी 'डीएसटी' फाइल हे चित्र नव्हे. तिच्यात सुई कुठे उतरायची आणि कुठे सरकायची एवढेच लिहिलेले असते, धाग्याचा रंगसुद्धा नसतो. ती फोटोशॉपमध्ये उघडणार नाही, आणि जेपीजीचे नाव बदलून डीएसटी होणार नाही. त्यासाठी चित्राचे टाके पाडणारा कारागीरच लागतो. त्याच्याकडून डीएसटीबरोबर मूळ कामाची फाइलही मागून घ्यावी, नाहीतर नक्षी लहानमोठी करताना टाके बिघडतात. अनेक जुनी यंत्रे मोठे पेनड्राइव्ह आणि लांब नावे वाचत नाहीत. लहान पेनड्राइव्ह 'फॅट-३२' पद्धतीने फॉरमॅट करून वापरावा आणि नाव आठ रोमन अक्षरांच्या आत ठेवावे.

फुकटचा प्रोग्राम महाग पडतो

चोरीच्या प्रती बसवून देणारे पुष्कळ भेटतात. अशा प्रतीत कोणता भाग काढला आणि कोणता व्हायरस घातला हे कळत नाही, आणि फाइल उघडली नाही तर दाद कोणाकडे मागणार? शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब नुसार जाणूनबुजून चोरीचा प्रोग्राम वापरल्यास किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. ज्याला विकत घेणे परवडत नाही त्याने गिम्प आणि इंकस्केप वापरावे. हे दोन्ही कायद्याने मोफत आहेत.

गल्ल्यावर पाळायचे नियम

निम्मा त्रास फाइल घेतानाच टळतो. व्हॉट्सॲपवर ती 'फोटो' म्हणून नव्हे तर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवावी, कारण फोटो म्हणून पाठवली की ती दाबली जाऊन तिचा कस जातो. ग्राहक समोर असतानाच ती उघडून पाहावी. मूळ फाइलबरोबर पीडीएफ घ्यावी. कॉम्प्युटरला यूपीएस जोडावा. प्रत्येक कामाच्या तीन प्रती असाव्यात आणि त्यातील एक दुकानाबाहेर असावी. २०१८ च्या जुलैत आपल्याकडे पाणी तुंबून नालासोपाऱ्यात रूळ बुडाले, लोकल थांबल्या आणि वीजही गेली होती. सखल भागातील गाळ्यात कॉम्प्युटर आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलाखाली असेल तर दोन्ही एकाच पाण्यात जातील.

ग्राहकाची फाइल ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. ती घेताना पावतीवर तिचे नाव, जात, वजन आणि 'उघडून पाहिली' असा शेरा लिहून ठेवावा. पुढे वाद झालाच तर ती एक ओळ दोघांच्याही कामी येईल.