सुपरमॅन की हल्क? आधी विचारा, कुठला सुपरमॅन!

हेडफोन लावलेत ना? आज जरा राडा करायचाय.

विषय जुनाच. सुपरमॅन आणि हल्कची मारामारी झाली तर कोण जिंकेल? हॉस्टेलच्या मेसमध्ये, लोकलच्या दारात, ऑफिसखालच्या चहाच्या टपरीवर हा वाद आपण सगळ्यांनी कधी ना कधी घातलाय. आणि तो बहुतेक वेळा एकाच पद्धतीने संपतो: ज्याचा आवाज मोठा, त्याचा हीरो जिंकतो. माझं म्हणणं असं की या प्रश्नाला बऱ्यापैकी उत्तर देता येतं. फक्त आपण प्रश्न अर्धवट विचारतो.

आधी एक गोष्ट, जी फक्त सिनेमे बघणाऱ्यांना माहीत नसते. ही फाइट छापून आलेली आहे आणि तिचा निकालही लागलाय. १९९६ मध्ये मार्व्हल आणि डीसी या दोन कट्टर स्पर्धक कंपन्यांनी मिळून चार अंकांची मालिका काढली. दोन्हीकडचे हीरो आमनेसामने, एकूण अकरा लढती. सहा लढतींचे निकाल त्यांनीच आपसात ठरवले, पण पाच मोठ्या लढती चक्क वाचकांच्या मतदानावर सोडल्या. सुपरमॅन विरुद्ध हल्क ही त्या पाचातली एक. जिंकला सुपरमॅन.

मग काय, एपिसोड संपला? थांबा, बाकीचे निकाल ऐका. बॅटमॅनने कॅप्टन अमेरिकाला हरवलं. स्पायडरमॅनने सुपरबॉयला, स्टॉर्मने वंडर वुमनला आणि वुल्व्हरिनने लोबोला. या शेवटच्या निकालावर डीसीवाले अजून कपाळाला हात लावतात. लोबो म्हणजे अंतराळातला सुपारीबाज गुंड, जो सुपरमॅनशी हाणामारी करून उभा राहतो. वुल्व्हरिनचे पंजे, त्याच्या भरून येणाऱ्या जखमा, त्याचा चिवटपणा, सगळं मान्य. पण तरी कसं शक्य आहे? मालिकेत यावर जो मार्ग काढलाय तो मला प्रचंड आवडतो. दोघं मारामारी करत बारच्या काउंटरमागे पडतात, आपल्याला काहीच दिसत नाही, आणि मग वुल्व्हरिन एकटा वर येतो. झालं! मतं पडली होती, कारण सापडत नव्हतं, म्हणून कॅमेराच वळवला. निदान मी तरी तो प्रसंग असाच वाचतो.

मतं का पडली ते उघड आहे. नव्वदच्या दशकात एक्स-मेनची हवा होती. १९९१ मध्ये त्यांच्या एका नव्या मालिकेच्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांवर प्रती दुकानांत गेल्या होत्या. वुल्व्हरिन आणि स्टॉर्म, दोघंही त्याच टीमचे. मतदानातून कोण लाडका आहे हे कळतं. कोणाचा ठोसा जड आहे हे कसं कळणार?

त्यातही वंडर वुमनची गंमत बघा. याच मालिकेत थॉरचा हातोडा तिच्या हाती लागतो. ती तो उचलते, म्हणजे त्या हातोड्याच्या अटीप्रमाणे ती लायक आहे. आणि स्टॉर्मशी लढायच्या आधी ती तो बाजूला ठेवून देते, कारण असं लढणं तिला न्यायाचं वाटत नाही. मग हरते. कोण जास्त ताकदवान याचं उत्तर इथे मिळालं का? नाही. पण ही बाई कशी आहे ते मात्र पक्कं कळलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता माझ्या धंद्याच्या भाषेत. 'तुमचं ॲप चालत नाही' अशी तक्रार आली की आमचा पहिला प्रश्न असतो, कुठलं व्हर्जन? सुपरमॅनबद्दल हे कोणी विचारतच नाही!

१९३८ च्या ॲक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकातला सुपरमॅन उडत नाही. तो उडी मारतो, एक अष्टमांश मैल, म्हणजे साधारण २०० मीटर. आगगाडीपेक्षा जोरात पळतो. आणि त्याची कातडी भेदायला निदान फुटणारा तोफगोळा तरी लागतो. म्हणजे तोफगोळ्याने त्याला इजा होऊ शकते! हा गडी हल्कसमोर दोन मिनिटं टिकणार नाही. उडायला तो चाळीसच्या दशकात लागला. पुढे पन्नास-साठच्या दशकांत त्याची ताकद एवढी फुगली की ग्रह ढकलणं हे किरकोळ काम झालं. मग १९८६ मध्ये जॉन बर्नने 'मॅन ऑफ स्टील'मधून त्याला नव्याने मांडलं आणि ताकद मुद्दाम खाली आणली. क्रिप्टोनाइटचंही तसंच. ती आधी १९४३ मध्ये रेडिओ मालिकेत आली आणि कॉमिक्समध्ये १९४९ मध्ये. त्यामुळे कोणी १९४५ च्या कॉमिक्समधल्या सुपरमॅनला क्रिप्टोनाइटने हरवत असेल, तर त्याला खुशाल थांबवा.

हल्कही काही कमी बदललेला नाही. १९६२ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बीने तो आणला तेव्हा तो करड्या रंगाचा होता आणि रात्र पडली की बदलायचा. राग आला की हिरवा होणं, हे नंतर पक्कं झालं.

बरं, व्हर्जन ठरलं. आता ताकद मोजायची कशी? लहानपणी आपण कुस्तीवाल्यांची ट्रम्प कार्ड्स खेळायचो. उंची, वजन, छाती, बायसेप्स. ज्याचा आकडा मोठा, त्याने पत्ता घ्यायचा. मार्व्हलने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अगदी तसाच प्रकार केला. 'ऑफिशियल हँडबुक' काढून प्रत्येकाचा ताकदीचा वर्ग छापला. स्पायडरमॅन उचलणार १० टन. हल्क 'क्लास १००', म्हणजे १०० टनांच्या वरचा. छान, टेबल तयार!

आणि लगेच १९८४ मध्ये 'सीक्रेट वॉर्स'च्या चौथ्या अंकात हल्क एक आख्खी डोंगररांग अंगावर पेलून उभा राहतो. वजन मुखपृष्ठावरच छापलंय, १५० अब्ज टन. आपल्या हिशेबात १५,००० कोटी टन. डॉक्युमेंटेशनमध्ये १०० आणि कोडमध्ये १५,००० कोटी. हे बघून मला माझं ऑफिसच आठवलं.

जाता जाता एक हिशेब. हल्कच्या दोन पायांखाली अर्धा चौरस मीटर जागा धरा, म्हणजे पाय भलतेच मोठे धरले. गुरुत्वाकर्षण पृथ्वीएवढं. ग्रॅनाइटचा दगड साधारण २०० मेगापास्कल दाब सोसतो. इथे पायाखालचा दाब त्याच्या एक कोटी पटींहून जास्त येतो. हल्कचे हात टिकतील हो, पण खालची जमीन कशी टिकली? सुई चिखलात जावी तसा तो खाली जायला हवा होता. म्हणजे त्या दृश्यातला खरा सुपरहीरो ती जमीन आहे!

पण त्याच दृश्यात कामाची गोष्ट लपलीय. डोंगर पेलताना हल्क थकायला लागतो, तेव्हा रीड रिचर्ड्स त्याला मुद्दाम टोमणे मारतो, चिडवतो. कारण तो चिडला की ताकद वाढते. म्हणजे हल्कची ताकद हा आकडा नाहीच, ते फंक्शन आहे. राग आत टाका, ताकद बाहेर येते. सुपरमॅनचंही तेच, फक्त त्याचं इनपुट आपला पिवळा सूर्य. म्हणून त्याला बरोबरीत आणायचं असलं की लेखक आधी सूर्याला हात घालतात. १९७६ मध्ये सुपरमॅन आणि स्पायडरमॅन समोरासमोर आले तेव्हा स्पायडरमॅनला लाल सूर्याच्या किरणोत्साराचा डोस द्यावा लागला. १९७८ मध्ये मुहम्मद अलीने सुपरमॅनला बॉक्सिंगमध्ये बदडलं, तेही लाल सूर्याखाली, त्याच्या शक्ती गेलेल्या असताना.

आणि प्रत्येक वेळी ताकदच लागते असंही नाही. १९८१ च्या एका कॉमिकमध्ये बॅटमॅन हल्कवर बेशुद्धीचा वायू सोडतो. हल्क हुशार, श्वास रोखून धरतो. मग बॅटमॅन त्याच्या पोटाच्या वरच्या बाजूला सणसणीत लाथ घालतो, हल्क दचकून मोठा श्वास घेतो आणि आडवा! यावरूनच बॅटमॅनचे फॅन म्हणतात, 'प्रेप टाइम दिला तर बॅटमॅन कोणालाही हरवतो.' मला हा युक्तिवाद अजिबात पटत नाही. प्रेप टाइम फक्त एकालाच का? सुपरमॅनला आठवडाभर दिला तर तो काय गोट्या खेळत बसेल?

तर आता प्रश्न नीट विचारू. १९८६ नंतरचा सुपरमॅन, नेहमीचा हिरवा चिडका हल्क. दिवसाउजेडी, मोकळं मैदान, तयारीला वेळ नाही. समोरचा बेशुद्ध पडला की संपलं.

सुरुवातीला सुपरमॅन स्पष्ट पुढे. तो उडतो, वेग जास्त, लांबून डोळ्यांनी भाजू शकतो. हल्क उडी मारतो, पण हवेत दिशा बदलता येत नाही. अडचण घड्याळाची आहे. दर मिनिटाला हल्क जास्त चिडणार आणि ताकद वाढणार. सूर्य काही दर मिनिटाला वाढत नाही. म्हणजे सुपरमॅनने पहिल्याच मिनिटात पूर्ण ताकद लावली पाहिजे. आणि तो नेमकं तेच करत नाही! समोर जिवंत माणूस असला की तो ठोसा आवरून मारतो, हा त्याचा पिंड. उचलून अंतराळात फेकेल? नाही फेकणार. तिथे हल्क शांत होऊन परत ब्रूस बॅनर झाला तर तो बिचारा शास्त्रज्ञ मरेल, आणि सुपरमॅनला हे सुचणारच. वंडर वुमनने हातोडा का ठेवला ते आठवा. स्वभावही स्टॅटमध्येच धरायचा असतो.

म्हणून ठोशांवर गेलं तर वेळ जाईल तसा माझा पैसा हल्कवर. पण सुपरमॅनकडे एक चाल आहे जी मतदानात कोणी मोजली नसेल. फंक्शनचं इनपुटच कमी करायचं. लांब उभं राहायचं, मार चुकवायचा आणि शांतपणे बोलत राहायचं. क्लार्क केंट पत्रकार आहे, चिडलेल्या माणसाला बोलतं करणं हेच त्याचं पोटापाण्याचं काम. राग उतरला की समोर फाटक्या पँटमध्ये बॅनर उभा.

हो, यात फाइट बघायला मजा येणार नाही, कबूल. पण निकाल सुपरमॅन.

पुढच्या एपिसोडमध्ये सुपरमॅन आणि फ्लॅशची शर्यत. १९६७ मध्ये पहिल्यांदा पळाले तेव्हा बरोबरी झाली होती. ती बरोबरी कोणाच्या सोयीची होती, यावर तोपर्यंत डोकं चालवा. चला, भेटू!